दोन गड्यांचे घर

आळंद असे लिहिलेले दिसले की मराठी वाचकाची दृष्टी सवयीने पुढे एक वेलांटी जोडते आणि तो ज्ञानेश्वरांच्या आळंदीस जाऊन पोहोचतो. हे आळंद निराळे. कलबुर्गी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. त्याच्या पश्चिमेस अक्कलकोट, उत्तरेस उमरगा, ईशान्येस बसवकल्याण. तालुक्यातून अमरजा नदी वाहते आणि पुढे गाणगापुरापाशी भीमेस मिळते. लाडले मशायख यांचा दर्गा येथे आहे, आणि तुकोबांच्या गुरुपरंपरेत ज्यांचे नाव येते त्या राघवचैतन्यांची समाधीही येथेच आहे. आळंद व उमरगा हे दोन्ही मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा एक म्हैसूर राज्यात गेला व दुसरा मुंबई राज्यात. शीव कागदावर पडली, परंतु काळी जमीन सलगच राहिली. त्या जमिनीवर तूर आणि ज्वारी पिकते. मालक मराठीत सांगतो, गडी कानडीत उत्तर देतो, आणि बैलास दोन्ही भाषा समजतात.

ह्या मुलखातील शेती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगावर चालली, ते सालगडी होत. गुढीपाडव्यास साल ठरावयाचे. कानडी मुलखातील उगादीही त्याच दिवशी येते, म्हणून शिवेच्या अलीकडे-पलीकडे हिशेब एकच. करार बहुधा तोंडी. वर्षाचा मोबदला काही रोख, काही धान्य. आरंभी उचल घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत दावे गळ्यात. उचलीची ही साखळी पुष्कळ ठिकाणी वेठबिगारीच्या थरास गेली होती. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द ठरविली तरी उचल ही रीत म्हणून राहिलीच. मोठ्या शेतकऱ्याकडे एकाहून अधिक गडी असत. एकाने बैल सांभाळावेत, दुसऱ्याने दुभती जनावरे. पेरणीत एकाने बैल हाकावेत, दुसऱ्याने तिफण धरावी. रात्री दोघांनी आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी एकाच घोंगडीवर अंग टाकावे, आणि कणसे भरू लागली की माच्यावर आळीपाळीने जागल करावी. सालगड्याचे आयुष्य म्हणजे अशा रीतीने दुसऱ्या एका माणसाच्या श्वासोच्छ्वासाशेजारी काढलेल्या रात्री. दोन पुरुष एकत्र राबतात, एकत्र जेवतात व एकत्र निजतात ह्यात खेड्यास काही वावगे वाटत नाही. उलट, एकटा निजणारा गडीच लोकांस चमत्कारिक वाटेल.

पुरुषाचे पुरुषावरील प्रेम हा विषय निघाला की बहुतेकांस शहर आठवते. हे शहरी सुशिक्षितांचे, इंग्रजी वर्तमानपत्रांतून आलेले खूळ आहे असे समजणारेही पुष्कळ आहेत. वस्तुतः असे प्रेम मनुष्यजातीइतकेच जुने आहे, आणि ज्या जीवनक्रमात दोन पुरुषांस दिवसरात्र एकमेकांच्या आधाराने काढावी लागतात तेथे ते रुजू नये असे मानण्यास काहीच कारण नाही. ‘जिवाचा मैतर’ किंवा ‘जोडीदार’ ह्या आपल्या भाषेतील शब्दांत मैत्रीहून अधिक काही मावण्याइतकी जागा पहिल्यापासून आहे. खेड्यात असे प्रेम लपविणे मुळीच कठीण नाही. ते अंगणात उघड्यावर असले तरी कोणास दिसत नाही. कठीण आहे ते टिकविणे. जोडी उघडकीस आल्यामुळे जितकी प्रेमे मोडतात, त्याहून कितीतरी अधिक केवळ पाडवा आल्यामुळे मोडतात. मालक म्हणतो, यंदा एकच गडी पुरे. घरून निरोप येतो, मुलगी पाहून ठेवली आहे. दुसऱ्या गावी उचल अधिक मिळते. ह्या कारणांपुढे ‘आम्हांस एकत्र राहावयाचे आहे’ हे कारण कोणी उच्चारूच शकत नाही, कारण ते कारण आहे असे कोणी मानीतच नाही.

मराठी कादंबरीने सालगड्यास फारसा न्याय दिला नाही, परंतु एकदा दिला तो पुरेपूर दिला. आनंद यादव यांची ‘गोतावळा’ १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याचे लग्न व्हावयाचे तर मालकाने मनावर घ्यावे लागते, आणि मालक ते घेत नाही. मग मळ्यावरची जनावरे हाच त्याचा गोतावळा होतो. पुढे ट्रॅक्टर येतो आणि तोही गोतावळा विस्कटतो. नारबाची आस स्त्रीची आहे, हे खरे. तथापि गड्याच्या प्रेमास छप्पर हवे आणि ते छप्पर मालकाच्या हाती आहे, हे ज्या निष्ठुरपणे ह्या कादंबरीत दिसते तसे अन्यत्र क्वचितच दिसेल. गडी स्त्रीवर प्रेम करीत असेल तर त्याच्या बाजूस निदान रूढी तरी उभी असते. आज ना उद्या कोणी म्हणते, ‘ह्याचे दोनाचे चार करा.’ तो आपल्या जोडीदारावर प्रेम करीत असेल तर दोनाचे चार करणारी हीच रूढी त्या दोघांस तोडावयास निघते.

ह्याच प्रश्नावरील जगातील सर्वांत प्रसिद्ध कथा गुराख्यांचीच आहे. ॲनी प्रू ह्या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही कथा १९९७ साली ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात आली. २००५ साली आंग ली यांनी तिजवर चित्रपट केला आणि पुढील वर्षी त्यांस उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ऑस्कर मिळाले. कथेतील एनिस आणि जॅक हे विशीच्या आतले, शाळा अर्धवट सोडलेले दोन गडी. १९६३ च्या उन्हाळ्यात वायोमिंग प्रांतातील एका डोंगरावर मेंढ्या राखण्याची चाकरी दोघांस मिळते. एकाने तळावर राहून रांधावे आणि दुसऱ्याने वर मेंढ्यांजवळ निजावे, असा मुकादमाचा हुकूम असतो. एका कडाक्याच्या रात्री तो हुकूम मोडतो. धनगराने रात्री शेतात मेंढ्या बसवाव्यात आणि दोघांनी एका घोंगडीत थंडी काढावी, हे ज्यांनी आळंद-उमरग्याच्या शिवारात पाहिले आहे त्यांस ह्या प्रसंगाचे भाषांतर लागणार नाही.

ह्या कथेचा उत्तरार्ध तिच्या पूर्वार्धाइतका कोणी लक्षात ठेवीत नाही, आणि खरे शिकण्याजोगे तेथेच आहे. उन्हाळा संपतो, दोघे साधेसे ‘बरे आहे’ म्हणून निरोप घेतात. मुकादमाने दुर्बिणीतून जे पाहावयाचे ते पाहिलेले असते. पुढल्या वर्षी जॅक काम मागावयास येतो तेव्हा तो त्यास ठेवून घेत नाही. ह्यास म्हणावयाचे पाडवा. दोघांचीही लग्ने होतात, मुले होतात. चार वर्षांनी पुन्हा भेट होते, आणि मग पुढे वर्षातून एकदोनदा ‘मासे धरावयास जातो’ असे घरी सांगून डोंगरात काही दिवस काढावयाचे, एवढ्यावर ते प्रेम सोळा वर्षे जगते. जॅक वारंवार म्हणतो की, दोघांनी मिळून लहानसा गोठा काढावा, थोडी गाई-वासरे पाळावीत आणि एका छपराखाली राहावे. एनिस नाही म्हणतो. लहानपणी त्याच्या बापाने त्यास मुद्दाम नेऊन एक प्रेत दाखविलेले असते. ते एकत्र राहणाऱ्या दोन पुरुषांपैकी एकाचे असते, आणि त्यास लोकांनी ठेचून मारलेले असते. त्या भीतीपुढे छप्पर हरते.

येथे पुष्कळ वाचक एनिसला दोष देतात. तो दोष अन्यायाचा आहे. ज्याने ते प्रेत पाहिले त्यास धैर्याचा उपदेश करणे फार सोपे असते. परंतु ह्याचा परिणाम काय झाला तो मात्र पाहिलाच पाहिजे. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या दोघांस एकमेकांचा राग माहीत होतो, ओढ माहीत होते; पण ताप आल्यावर दुसरा कसा कण्हतो, पैसे संपले की तो कसा गप्प होतो, सकाळी त्यास काय खावेसे वाटते, हे माहीत होत नाही. डोंगरावरचे प्रेम डोंगरावरच राहते, त्याचे वय वाढत नाही. जॅकच्या मृत्यूनंतर एनिस त्याच्या आईबापांच्या दरिद्री घरी जातो. तेथे त्यास कळते की, जॅक त्याला येथे आणून हे बापाचे शेत दोघांनी मिळून सुधारण्याच्या गोष्टी वर्षानुवर्षे करीत असे. आणि शेवटी शेवटी त्याने दुसऱ्याच कोणा शेजाऱ्यास आणण्याचे बोलणे काढले होते. सबंध कथेत ह्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट नाही. जॅकचे प्रेम आटले होते असे नव्हे. घराची वाट पाहून तो थकला होता. वरच्या खोलीत एनिसला त्या पहिल्या उन्हाळ्यातले दोघांचे दोन सदरे सापडतात, एकात एक घातलेले. ते घेऊन तो खाली येतो, आणि चित्रपटात जॅकची आई काही न विचारता ते ठेवावयास त्यास एक पिशवी देते. सर्व कथेत त्या दोघांच्या नात्यास कोणी दाराआड घेतले असेल तर ते ह्या म्हातारीने, आणि तेही एकजण मेल्यावर.

मराठीत ह्या विषयाचे जे चित्र अलीकडे आले ते ह्या दृष्टीने फार मोलाचे आहे. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात दाखविला गेला आणि जागतिक कथाचित्रांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळाले. हा महोत्सव त्या वेळी भरे तो यूटा प्रांत वायोमिंगला लागूनच आहे, हा एक योगायोग. सप्टेंबर २०२५ मध्ये चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला. कथा अगदी साधी आहे. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी आईसह मूळ गावी येतो. तेथे शेती करणारा आणि शेळ्या राखणारा बाळ्या त्यास भेटतो. बाळ्यावरही लग्नाचा तगादा आहे आणि तो तो टाळीत आहे. आनंद भूषण मनोज यांनी, बाळ्या सूरज सुमन यांनी आणि आई जयश्री जगताप यांनी उभी केली आहे. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात नातलगांनी लग्नाचा धोशा लावला होता, त्यातून ही कल्पना निघाल्याचे त्यांनी सांगितले आहे.

नावातील साबर म्हणजे फड्या निवडुंग. मूळचा तो अमेरिकेचा. आपल्याकडे तो बांधाचे कुंपण म्हणून इतका रुळला की परका वाटेनासा झाला. त्याच्या बोंडावरील कुसळ बोटात गेले की दिवसभर सलते. ते झाडून काढण्याची युक्ती साधली तर आत लालभडक गोड गर असतो. बाळ्या हे फळ आनंदसाठी शोधून आणतो. प्रेमाची कबुली म्हणून चित्रपटात भाषणे नाहीत, गाणी नाहीत. आहे ते एवढेच, की कोणाला काय आवडत असे हे दुसऱ्याने ध्यानात ठेवले.

परंतु ह्या चित्रपटाची खरी नवलाई प्रेमिकांत नसून त्या आईत आहे. मुलगा कसा आहे हे तिला माहीत आहे, गेलेल्या बापालाही माहीत होते. ती फारशी शिकलेली नाही. तिने चळवळीची पुस्तके वाचलेली नाहीत. नातलगांच्या प्रश्नांना तोंड द्यावयास ती मुलाला एक खोटी गोष्ट पढवून ठेवते, ह्याचा काही प्रेक्षकांस विषाद वाटला. तो वाटावयास नको होता. ती खोटे बोलते ते मुलास घराबाहेर काढावयास नव्हे, घरात ठेवावयास. जॅकच्या आईने मरणानंतर पिशवी दिली. ही आई जिवंतपणी दार अडकवून आत बसू देते. चित्रपटाचा शेवट येथे सांगणे योग्य नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल की, सुतकाचे दहा दिवस संपले म्हणजे ह्या दोघांचे काय होणार, हा प्रश्न कानवडे डोंगरावर सोडून देत नाहीत, तो घरात आणून विचारतात.

मग पुन्हा आळंदच्या शिवारात यावयास हरकत नाही. मार्गशीर्ष अमावास्येस ह्या साऱ्या पट्ट्यात, लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत, येळवस साजरी होते. गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याची कोप उभारावयाची, पाच पांडवांचे दगड रंगवून पुजावयाचे, ज्वारीची आंबील मडक्यातून आणावयाची, हिरव्या दाण्यांची व पालेभाजीची भज्जी करावयाची, आणि वाटेने जाणाऱ्यासही हाक मारून जेवू घालावयाचे. त्या दिवशी गडी कोणाशेजारी बसून जेवला हे कोणी मोजीत नाही. दोन जोडीदारांस एका पंक्तीस, सर्वांदेखत, सणाचे जेवण जेवता यावे असा बहुधा हाच एक दिवस. ‘साबर बोंडं’मधील आईचे घर जे काम करते ते येथे एक दिवसापुरते कडब्याची कोप करते.

बाकीच्या दिवसांची गोष्ट कठीण होत चालली आहे. ट्रॅक्टर आला, बैल कमी झाले, आणि बैलांमागून गडी. ज्यांस दोन गडी लागत त्यांस आता एकही नको असतो. कलबुर्गीकडील माणसे पुणे, मुंबई, हैदराबाद येथे बांधकामावर जातात. शिवेपलीकडे मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तेथे तर मजुराचे मोजमापच लग्नावर ठरलेले आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एकटा तो अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती ह्या हिशेबाने. बापलेक किंवा दोघे भाऊ जोडीने तोडीस गेले तर चालते, कारण त्यांचे नाते सांगता येते. नात्यावाचून एकत्र राहू इच्छिणाऱ्या दोघांस मात्र ‘भाऊ आहोत’ असे सांगण्यावाचून गत्यंतर नाही. अशी सांगितलेली भावकी कित्येकदा रक्ताच्या भावकीहून अधिक काळ टिकते, हेही खरे. परंतु ती टिकते तोवर तिला रोज खोट्याचा कर भरावा लागतो, आणि दोघांपैकी एकजण आजारी पडला की खऱ्या भावास बोलावणे जाते.

कायद्याने ह्यात किती हात दिला आहे? भारतीय दंडविधानातील ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० साली घातले. हैदराबाद राज्यास हा दंडविधान लागू झाला तो १९५१ साली, म्हणजे स्वराज्यात. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले. १ जुलै २०२४ पासून जी न्यायसंहिता अमलात आहे तिच्यात ते कलम नाही. तथापि विवाहाचा हक्क मागितला असता तो देणे संसदेचे काम आहे असे म्हणून न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी हात आखडला. म्हणजे प्रेम हा आता गुन्हा नाही, पण ते घरही नाही. सुशिक्षित वर्गातील चर्चा विवाहाच्या शब्दावर थांबली आहे. आखाड्यावर निजणाऱ्या दोघांस विवाहाच्या शब्दाची निकड त्यामानाने कमी. त्यांस हवे ते असे की, उचल दोघांनी मिळून घ्यावी, पैसे एका खात्यात पडावेत, इस्पितळात दुसऱ्यास आत सोडावे आणि एकजण गेला तर त्याचे प्रेत दुसऱ्याच्या हाती द्यावे.

ह्याच स्वरूपाच्या काही गोष्टी केंद्र सरकारने ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रकांनी स्पष्ट केल्या, आणि त्यांची वार्ता खेड्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. अशा जोडीदारांस बँकेत जोडखाते उघडण्यास व खात्यातील शिलकीसाठी एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास कोणतीही आडकाठी नाही, असे वित्त खात्याने कळविले. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदारास मृतदेह मागता यावा, असे आरोग्य खात्याने राज्यांस लिहिले. आणि एकत्र राहणारे असे जोडीदार शिधापत्रिकेपुरते एकाच कुटुंबातील मानावेत, असे अन्न खात्याने सांगितले. ह्यांपैकी शेवटची गोष्ट गड्यांच्या दृष्टीने सर्वांत वजनदार. शिधापत्रिका म्हणजे सरकारने मानलेली चूल. जेथे लग्नाचा दाखला कधी कोणी मागत नाही, तेथेही शिधापत्रिका वर्षातून दहादा दाखवावी लागते.

त्या अर्जात प्रत्येक माणसाच्या नावापुढे ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’ असा एक रकाना असतो. दोन गड्यांनी तेथे काय लिहावे, आणि लिहिलेले वाचून खिडकीपलीकडच्या कारकुनाने काय करावे, हे परिपत्रकाने ठरत नाही. आळंदच्या कचेरीत तो अर्ज कानडीत मिळतो, उमरग्याच्या कचेरीत मराठीत. रकाना दोन्हीकडे तोच आहे.